मोटारीच्या पोटातील पाणी

मोटार पेट्रोलवर चालते हे लहान मूलही सांगेल. पण ती टिकते पाण्यावर, याचा विसर मोटारीच्या मालकांनाही पुष्कळदा पडतो. पेट्रोल संपले तर गाडी नुसती थांबते. पाणी संपले तर एंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा आतील वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवरच वितळते, आणि दट्ट्या तर बहुधा ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचा असतो. इंधनापासून मिळणाऱ्या उष्णतेचा स्थूलमानाने तिसरा हिस्साच गाडी चालविण्याच्या कामी येतो. तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेला धातूत शिरतो. तो सतत काढून नेला नाही, तर वंगणाचा थर जळेल आणि दट्ट्या फुगून जागच्या जागी अडकेल.

या कामी पाणीच का? एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढीत सुमारे नऊ ग्रॅम लोखंड तितकेच तापते. भरपूर उष्णता घ्यावी आणि स्वतः फारसे तापू नये, हा पाण्याचा गुण मोठा आहे. मात्र आरंभीच्या मोटारींत ते उकळून वाफेच्या रूपाने निघून जाई. १८८८ साली बेर्टा बेंझ आपल्या पतीने बनविलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत वारंवार पाणी भरावे लागले.

आज तेच पाणी फिरत राहते. पंप ते एंजिनभोवतीच्या पोकळ्यांतून खेळवितो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन वाऱ्याने निवते आणि परत जाते. अनमोड किंवा चोर्ल्याच्या घाटात गाडी हळू चढते, वारा कमी मिळतो आणि एंजिनाचे कष्ट मात्र वाढतात. तापमानाचा काटा तेथेच वर सरकतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रेडिएटरचे झाकण केवळ झाकण नसते. ते आतील दाब राखते. दाबाखाली पाणी १०० अंशांवर उकळत नाही. ते सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूपच राहू शकते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो, पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होतो आणि उकळता फवारा तोंडावर व हातांवर उसळतो. म्हणून काटा वर गेला की गाडी कडेला घ्यावी, एंजिन बंद करावे आणि ते पुरते निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये. तापलेल्या एंजिनात एकदम गार पाणीही ओतू नये. धातूला तडा जाण्याचे भय असते.

पाणी कोणते, हाही प्रश्न आहे. काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. ते तापले की न्हाणीघरातील बंबाप्रमाणे आत पांढरा थर धरते. तो थर उष्णता अडवितो आणि बारीक नळ्या बुजवितो. नुसत्या शुद्ध पाण्यानेही धातू गंजतोच. यास्तव पाण्यात कूलंट मिसळतात. त्यातील ग्लायकॉलमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू काहीसा वाढतो आणि इतर द्रव्यांमुळे गंज आवरला जातो. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मिसळावयाचे पाणी ऊर्ध्वपातित असावे, आणि मिश्रण सांगितलेल्या मुदतीस बदलावे. हा रंगीत द्रव बहुधा विषारी असतो आणि चवीला गोडसर लागतो. तेव्हा तो मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावा.

सकाळी गाडी थंड असताना टाकीवरील दोन खुणांमध्ये पातळी आहे ना, एवढे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. पातळी वरचेवर उतरत असेल, तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. अशा वेळी पाणी भरत राहण्यापेक्षा गाडी कारागिराकडे नेणे श्रेयस्कर.