उन्हावाचूनचं वाळवण

गोथेनबर्ग (स्वीडन) : डिसेंबरात इथे सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या आत मावळतो. उगवतो असं आपलं म्हणायचं. बहुतेक दिवस तो ढगांच्या पलीकडेच असतो. खान्देशात एरंडोलला चैत्र लागला की गच्च्यांवर बिबडे, कुरडया, पापड पसरले जातात आणि वर्षाची बेगमी होते. ऊन फुकटच, शिवाय भरपूर. इथल्या घरांनी मात्र बेगमी कशाच्या भरवशावर केली असेल? स्वीडिश घरगुती जेवणाला, म्हणजे ‘हुस्मान्सकोस्त’ला, याच प्रश्नापासून हात घालावा. चवीपासून सुरुवात केली तर खान्देशी माणूस दुसऱ्या घासाला ठेचा मागेल. मीठ, पांढरी मिरी, ऑलस्पाइस आणि शेपू, एवढ्यावर मसाल्याचा डबा जवळजवळ संपतो.

उन्हाचं काम इथे मीठ, धूर, आंबवण, थंडी आणि भट्टी यांनी वाटून घेतलं. भट्टीचा वाटा म्हणजे क्नेकेब्रोड. राय या धान्याच्या पिठाची ही पातळ, कडक, खुसखुशीत भाकरी. पाणचक्क्या ओढ्यांच्या पाण्यावर चालत आणि हिवाळ्यात ओढेच गोठत. म्हणून कित्येक गावांत दळण आणि भाजणं वर्षातून दोनदाच व्हायचं, सुगीनंतर एकदा आणि वसंतात बर्फ वितळल्यावर एकदा. भाकरीच्या मधोमध भोक ठेवत, त्यातून लांब काठी ओवत आणि ती काठी आढ्याला टांगून देत. भाकरी कोरडी राहायची आणि उंदरांच्या हाती लागायची नाही. आज दुकानातून पुड्यात येते, तरी गोल भाकरीला ते भोक अजून असतं.

दुसरी गोष्ट लिंगोन. करवंदाहून लहान, लालभडक, आंबट-तुरट फळ. जंगलात हवं तेवढं मिळतं आणि ते वेचायला मालकाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या रानात हिंडण्याचा, रानफळं आणि अळंबी गोळा करण्याचा हक्क इथे सगळ्यांना आहे; 1994 पासून राज्यघटनेतही त्याचा उल्लेख आहे. (आपल्याकडे बांध कोरण्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात, हे इथल्या शेजाऱ्याला समजावणं अवघड जातं.) लिंगोनमध्ये बेंझोइक आम्ल निसर्गतःच असतं, म्हणजे टिकाऊपणासाठी कारखाने बाटलीत जे घालतात तेच. त्यामुळे फळं न शिजवता साखरेत नुसती ढवळून ठेवली तरी टिकतात. मांसाच्या गोळ्यांवर, तळलेल्या हेरिंग माशावर, धिरड्यांवर सगळीकडे हा मुरंबा का दिसतो, ते यावरून कळावं. हिवाळ्यात ताटातलं आंबट मुख्यतः हेच होतं.

मीठही नेहमी परवडायचं नाही. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर हेरिंग जेमतेम मिठात आंबवतात, त्याला सुरस्ट्रॉमिंग म्हणतात. डबा उघडायचा तो अंगणात. वासाबद्दल मी काही लिहीत नाही, अंक घरात वाचला जातो.

बटाट्याची हकिगत मला सगळ्यांत आवडते. आज बटाट्याशिवाय इथे जेवण होत नाही, पण तो आला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. इथून जवळच्या आलिंगसोस गावी योनास आल्स्ट्रोमर यांनी 1724 मध्ये लागवड सुरू केली. पुढे एव्हा एकेब्लाद या सरदारघराण्यातल्या बाईंनी बटाट्यापासून पीठ आणि दारू कशी करायची ते शोधलं आणि 1748 मध्ये त्या स्वीडनच्या शाही विज्ञान अकादमीत निवडल्या गेलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. पीठ-दारूची वाट सापडल्यावर बटाट्याला मान मिळाला. जूनमधल्या मिडसमरच्या सणाला नवे कोवळे बटाटे सालीसकट शेपू घालून उकडतात. शेपू पाहून नाक मुरडणारी आपली मुलं ते इथे मुकाट खातात, कारण शाळेतलं जेवण फुकट असतं आणि वर्गातले सगळे तेच खात असतात. व्होल्वो, एसकेएफसारख्या कंपन्यांमुळे इथे पुण्या-चिंचवडकडची मराठी घरं बरीच आहेत. त्या घरांत स्वीडिश चव शिरली ती मुलांच्या तोंडून. आयांनी नंतर शिकून घेतली.

गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि त्यामागून धिरडी, हा नेम शाळांत, खानावळींत आणि सैन्यातही चालतो. कॅथलिक काळात शुक्रवारी उपास असे, म्हणून आदल्या दिवशी पोटभर खाऊन घेत, असं कारण सांगतात. राजा चौदावा एरिक 1577 मध्ये कैदेत मेला. वाटाण्याच्या सुपातून विष दिलं अशी आख्यायिका आहे आणि 1958 मध्ये कबर उघडली तेव्हा अवशेषांत आर्सेनिक भरपूर सापडलं. सुपाच्या लोकप्रियतेवर त्याचा काही परिणाम झालेला नाही.

तिकडे करून पाहायचं असेल तर फारसं काही अडणार नाही. किराणा दुकानातला पिवळा वाटाणा रात्रभर भिजवा, कांदा घालून गाळ होईपर्यंत मंद आचेवर शिजवा. इथे डुकराचं खारवलेलं मांस घालतात, पण मांसाशिवायही ते सर्रास मिळतं. सुपात इथे थाइम पडतं, त्याच्या जागी चिमूटभर ओवा चालेल, दोघांच्या वासाचं मूळ थायमॉलच. फोडणी द्यायचा मोह आवरा. मोहरी वाटून वाटीत वेगळी ठेवा, ज्याने त्याने आपल्या बेताने कालवावी. मागाहून मैदा, दूध, अंड्याची पातळ धिरडी, लोण्यावर, आणि लिंगोन नाही म्हणून करवंदाचा मुरंबा. तुमचा गुरुवारचा उपास असेल तर बुधवारी करा.