गवळाऊचा मुलूख : वर्धा जिल्ह्याच्या आर्वी-कारंजा परिसरातील पशुपालनाचा इतिहास व दर्शनीय स्थळे

प्रस्तावना :

वर्धा जिल्हा म्हटला की सेवाग्राम, पवनार आणि कापूस या तीन गोष्टींचे स्मरण होते. या जिल्ह्याची चौथी ओळख मात्र अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. ती म्हणजे 'गवळाऊ' हा गोवंश होय. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारखी गावे कापसाच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेली आहेत. या पट्ट्यात बैलाचे काम मोठे. परंतु बैल निपजविण्याचे क्षेत्र जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात आहे. आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) हे तीन तालुके म्हणजे गवळाऊचा मूळ मुलूख. या परिसराच्या पशुपालनाचा इतिहास व तेथील पाहण्याजोगी स्थळे यांचा परिचय करून देणे आणि या परंपरेपुढील प्रश्नांचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :

सातपुड्याच्या उपरांगा या भागात उतरत आलेल्या आहेत. गरमसूर, ढगा आणि बोरचा परिसर हा टेकड्यांचा, सागाच्या रानाचा व गवताळ उतारांचा प्रदेश आहे. येथील जमीन बहुतांशी बरड असल्याने केवळ शेतीवर निर्वाह होणे कठीण. साहजिकच, जेथे नांगर चालत नाही तेथे गुरे चारण्याचा व्यवसाय रुजला. दक्षिणेकडील काळ्या जमिनीने कापूस पिकवावा आणि उत्तरेकडील बरड जमिनीने त्यासाठी बैल पुरवावेत, अशी ही परस्परपूरक रचना होती.

गवळाऊ वंश व गवळी समाज :

'गवळाऊ' हे नाव गवळी समाजावरून आले, असे मानले जाते. वर्धा व नागपूर जिल्ह्यांबरोबरच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी व बालाघाट या भागांतही हा वंश आढळतो. पांढरा रंग, लांबट व अरुंद डोके, आखूड शिंगे, हलका पण काटक बांधा ही त्याची लक्षणे. वयात आलेल्या वळूच्या मानेवर व वशिंडावर करडी छटा येते. चपळ चाल हा या बैलाचा विशेष गुण होय. मराठ्यांच्या काळात लष्करी सामानाची जलद ने-आण करण्यासाठी या बैलांचा उपयोग होत असे आणि त्यातूनच हा वंश घडत गेला, अशी परंपरागत मांडणी आहे.

या मुलखात गुरे राखणाऱ्या समाजांची कामे भिन्न होती. नंदगवळी हे स्वतःचे कळप बाळगणारे, तर गावोगावचे गोवारी हे गावकीची गुरे राखणारे. गावाच्या आखरावर सकाळी गुरे जमा करून रानात नेणारा 'गायकी' हा वैदर्भीय ग्रामजीवनाचा अविभाज्य घटक होता. नंदगवळ्यांची वस्ती बाजारपेठेपासून दूर असल्याने दुधाचे तूप व खवा करून विकणे हा त्यांच्या अर्थव्यवहाराचा मार्ग ठरला. वळूची निवड, गोऱ्ह्यांची पारख आणि कोणत्या ऋतूत कोणत्या उतारावर चारा मिळतो याचे ज्ञान हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून साठत गेले. वंशाची शुद्धता टिकली ती या अलिखित ज्ञानामुळेच.

ऐतिहासिक आढावा :

१८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य इंग्रजांनी खालसा केले व १८६२ मध्ये वर्धा जिल्हा अस्तित्वात आला. याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) हिंगणघाटच्या कापसाला मोठी मागणी आली. रेल्वे येण्यापूर्वी या भागातील कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूर मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. लांबच्या वाहतुकीतील बैलाचे स्थान गेले. तथापि शेतापासून जिनिंगपर्यंत व स्थानकापर्यंतची गाडी त्याच्याच खांद्यावर राहिली. दुसरीकडे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील चराईवर बंधने आली. म्हणजे बैलाची मागणी टिकून असतानाच त्याच्या चाऱ्याचे क्षेत्र आकुंचित होऊ लागले.

विसाव्या शतकात वर्धा हे गोसेवेच्या विचाराचे केंद्र बनले. १९४१ मध्ये गोसेवा संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी झालेल्या निधनापर्यंतचे आपले अखेरचे दिवस या कार्याला वाहिले. गाय केवळ श्रद्धेने वाचणार नाही. तिचे दूध, तिचा बैल, तिचे शेण व मृत्यूनंतरचे तिचे कातडे या सर्वांचा योग्य उपयोग झाला तरच ती वाचेल, ही महात्मा गांधींची भूमिका होती. नालवाडी येथील चर्मालयाचे कार्य याच भूमिकेतून उभे राहिले.

दर्शनीय स्थळे व सांस्कृतिक वारसा :

वर्ध्यालगतच्या गोपुरी येथील गीताई मंदिर १९८० मध्ये खुले झाले. या मंदिराला छत नाही. उभ्या शिलांवर विनोबांची गीताई कोरलेली आहे. वर्ध्याच्या गोरस भांडाराचे दूध व गाईच्या तुपातील गोरसपाक हे आजही प्रवाशांचे आकर्षण आहे. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथील शासकीय पशुपैदास प्रक्षेत्र गवळाऊच्या संवर्धनाशी निगडित आहे. १९७० मध्ये अभयारण्य व २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेले बोर हे निसर्गप्रेमींना परिचित आहे.

पशुपालनाची संस्कृती सर्वाधिक ठळकपणे दिसते ती सणांत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरतो. सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा भव्य नंदींसाठी विख्यात आहे. दिवाळीतील गायगोधन व गोवारी समाजाची ढालपूजा ही या संस्कृतीची आणखी एक खूण. विदर्भातील शंकरपटात चपळ बैलांना विशेष मान असे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला.

सद्यःस्थिती व समस्या :

गवळाऊ गाय एका वेतात सरासरी सुमारे ६०० किलो दूध देते. संकरित गाईशी केवळ दुधाच्या आकड्यांवर तुलना केल्यास ती मागे पडणारच. पूर्वी ही उणीव बैलाच्या किमतीने भरून निघत असे. ट्रॅक्टर आल्यावर तो आधार डळमळला. संकरीकरणामुळे शुद्ध वळू दुर्मिळ झाले. याहून मूलभूत प्रश्न चराईचा आहे. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत सुमारे ८६,००० हेक्टर क्षेत्र 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेले असून गावोगावच्या गुरांचा तो आधार होता. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनी असल्याचे स्पष्ट केले. त्यांचे अन्य कारणांसाठी होणारे वाटप रोखण्याच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. मात्र पशुपालकांच्या चराईचे काय, हा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा झाला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईच्या सामूहिक हक्काची तरतूद आहे. परंतु अनुसूचित जमातीत नसलेल्या दावेदारांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांचे जीवन कळपामागे गेले त्यांच्याकडे अशी कागदपत्रे असणे अवघड आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, गवळाऊ हा केवळ जनावरांचा एक वंश नसून चराऊ रान, गवळी समाज व कापसाची शेती यांच्या संबंधातून घडलेली एक व्यवस्था आहे. प्रक्षेत्रावर वळू राखता येतील, वीर्यही साठविता येईल. परंतु रान ओळखणारी गाय व गाय ओळखणारा गवळी तेथे तयार होत नाही. म्हणून वंशसंवर्धनाच्या कोणत्याही योजनेत चराईच्या हक्काला प्रथम स्थान मिळणे आवश्यक आहे. या दिशेने महाविद्यालयांनाही कार्य करता येईल. गावनिहाय चराऊ क्षेत्रांच्या व जुन्या वहिवाटीच्या नोंदी करणे, वयोवृद्ध गवळ्यांच्या मुलाखती संकलित करणे ही कामे इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे हाती घेण्याजोगी आहेत. वनहक्काच्या दाव्यात अशा नोंदी व वृद्धांची निवेदने पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाऊ शकतात, हे लक्षात घेता या अभ्यासाचे मोल केवळ शैक्षणिक राहत नाही.