मेंढीच्या जठरचलनाचे मज्जानियमन

मेंढीच्या जालिका व रोमंथिका या जठराच्या पहिल्या दोन कप्प्यांचे आकुंचन साधारणतः मिनिटास एकदा होते. या आकुंचनाचा ताल मात्र तेथील स्नायूंचा नव्हे, तो लंबमज्जेतील केंद्राचा होय; दोन्ही व्हेगस मज्जातंतू छेदले की तो नाहीसा होतो. भित्तीतील ताणग्राही याच तंतूंमार्गे केंद्रास वार्ता देतात. माफक ताणाने चलन वाढते, अतिताणाने खुंटते.

झायलाझिन हे गुंगीचे औषध आल्फा-२ ग्राहींना चेतवून हे चलन मंदावते वा थांबवते. मग ढेकर निघत नाही, वायू कोंडतो. शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही मेंढी पोटफुगीने दगावू शकते. शस्त्रक्रियेच्या मेजाशी हे भान सहज सुटते. टोलाझोलिनासारखी आल्फारोधक द्रव्ये दिल्यास हा रोध उठतो. ॲट्रोपिनानेही चलन थांबते. पण तेथे ही द्रव्ये निरुपयोगी, कारण बाधा स्नायूंवरील कोलिनग्राहींची असते.