आधी देव, पण दादाचं काय?



आमच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. पंधरा-वीस माणसं जमतात, दोन-तीन गीतं होतात, वचन वाचलं जातं, प्रार्थना होते आणि मग चहा नि चिरमुरे. यंदा पावसाळ्यात पाळकसाहेब म्हणाले, "‘देवाला प्रथम स्थान’ या विषयावर तुम्हीच बोला." खरं सांगतो, मनातून बरं वाटलं. हा माझा ठरलेला विषय. बेळगावच्या कॅम्प भागात माझं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. ते रविवारी बंद असतं, अगदी जूनमध्येसुद्धा. शाळा उघडताना रविवारी दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, ते या धंद्यातल्या माणसालाच कळेल. गिऱ्हाईक बंद शटर बघतं आणि पुढच्या दुकानात जातं, आणि एकदा गेलं की वर्षभर तिकडंच जातं. पहाटे पाचला उठून आधी पवित्र शास्त्र, मग वर्तमानपत्र, मग फोन. महिन्याच्या हिशेबाला बसलो की दहावा हिस्सा, आम्ही त्याला दशमांश म्हणतो, पहिल्यांदा पांढऱ्या पाकिटात जातो. मग घाऊक व्यापाऱ्याचं देणं, मग घरखर्च. शिवाय मी उपासनेत दानाची थाळी फिरवतो. एवढ्या भांडवलावर अर्धा तास बोलणं काही कठीण नव्हतं.

उदाहरणंही तयार होती. आमच्याच गावचे बाबा पदमनजी. 1831 साली बेळगावात कासार कुटुंबात जन्मले. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक 1820 मध्ये इथं आले होते, त्यांच्याच शाळेत ते शिकले आणि 1854 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे ते हेच. दुसरं उदाहरण रेव्हरंड टिळकांचं. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापर्यंत येईतो काही वर्षं गेली. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ते दिवस ठाऊक आहेत. देवाला पहिलं स्थान दिल्यामुळे या मंडळींच्या घरादारात काय काय झालं, हे सांगितलं की ऐकणारे हळहळतात. मीही आवाज जरा खाली घेतो.

मुख्य वचन अर्थातच मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं, आधी देवाचं राज्य शोधा हे. या वेळी थोडी जास्त तयारी करावी म्हणून बाबांची जुनी शब्दसूची काढली आणि ‘आधी’, ‘पहिल्याने’ असे शब्द येशूच्या तोंडी आणखी कुठं आहेत ते बघायला बसलो. डोंगरावरच्या प्रवचनातच तीन जागा मिळाल्या. मूळ ग्रीकमध्ये तिन्हीकडे एकच शब्द आहे. एक सहाव्या अध्यायातली, माझी आवडती. एक सातव्या अध्यायातली, आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ. ती आपल्या भाषेत म्हणीसारखीच झाली आहे, ऐकून कुणाला टोचत नाही. आणि या दोन्हींच्या आधी, पाचव्या अध्यायात, तिसरी. वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जाऊन त्याच्याशी समेट कर.

हे वचन मी शेकडो वेळा वाचलेलं आहे. त्या रात्री मात्र पुस्तक मिटवून बसून राहिलो.

आता जे सांगतो ते मंडळीतल्या बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे. बाबा गेले तेव्हा त्यांची बँकेतली ठेव साठ हजारांची होती. नॉमिनी मी. त्याच वर्षी चर्चच्या छपराचं काम निघालं होतं. बाबा आजारपणात एकदा म्हणाले होते, "छप्पर गळतंय रे, काहीतरी केलं पाहिजे." या ‘काहीतरी’चा अर्थ मी ‘सगळं’ असा लावला आणि साठच्या साठ हजार बाबांच्या नावानं छपराला देऊन टाकले. दादाला विचारलं नाही. दादा तेव्हा उद्यमबागेत एका फाउंड्रीत होता. काम बंद पडलं होतं, चार महिने पगार नव्हता आणि पुतणीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख तोंडावर होती. तो आला, म्हणाला, "निम्मे तरी मला विचारून द्यायचे होतेस." मी म्हणालो, "दादा, देवाच्या कामापुढं आपण कोण?" तो काही बोलला नाही. चप्पल घातली आणि गेला.

त्याला सहा वर्षं झाली. भिंतीवर बाबांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली. आणि दादा मराठी उपासना सोडून कन्नड उपासनेला जाऊ लागला. त्याला कन्नड बोलता येतं, वाचायला धड जमत नाही. गीताच्या पुस्तकात नुसता बघत उभा राहतो म्हणे. तिथं का जातो, तर तिथं थाळी घेऊन मी येत नाही.

आपल्याला वाटेल, एवढं चांगलं काम केलं, त्यात चुकलं काय? मलाही सहा वर्षं तेच वाटत होतं. पण मार्काच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’चा प्रसंग आहे. त्या काळी एखादा माणूस आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करून टाकी, आणि मग आईबापांना त्यातून काही न द्यायला मोकळा राही. कुणी विचारलं तर उत्तर तयार, ते देवाचं आहे. येशूनं त्यावर परुश्यांना जे सुनावलं ते कडक आहे. देवाचं नाव पुढं करून देवाचीच आज्ञा मोडता, असा त्याचा रोख. मी आईबापांचं अडवलं नाही, भावाचं अडवलं, एवढाच फरक. पदमनजींनी आणि टिळकांनी जे सोसलं ते विश्वासापायी. माझा भाऊ माझ्याच विश्वासातला, एकाच हौदात बाप्तिस्मा झालेला. तो मी एका देणगीच्या पावतीपायी गमावला होता. आणि त्यांची उदाहरणं देत फिरत होतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. येशू हे बोलला गालीलात, आणि वेदी यरुशलेमात. मधली वाट पायी तीनएक दिवसांची. ऐकणाऱ्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल बघा: अर्पणाचं कोकरू मंदिरात सोडायचं, तीन दिवस चालत गावी जायचं, भावाचं दार ठोठवायचं आणि पुन्हा तीन दिवस परत. ऐकून लोक हसलेही असतील. माझा भाऊ टिळकवाडीत राहतो. स्कूटरनं दहा मिनिटं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग गुरुवारपर्यंत कशाला थांबताय? उद्याच जाऊन या." तिनं वहिनीशी बोलणं कधीच तोडलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गेलो. रेल्वे गेट पडलेलं होतं. गाडी जाईस्तोवर वाटलं, स्कूटर वळवावी आणि फोन करावा. मागं रिक्षांची रांग लागली होती, वळायला जागाच नव्हती.

दार दादानंच उघडलं. "का आलास?" एवढंच. आतून वहिनी म्हणाल्या, "आत तरी घ्या की त्यांना." बसलो. तयारी करून गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "दादा, ते निम्मे पैसे तुझे होते. मी न विचारता दिले. चुकलं माझं." तो बराच वेळ पंख्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, तीस हजार एकदम जमणार नाहीत, हप्त्यानं देतो. तो म्हणाला, "मला नकोत ते पैसे." वहिनी चहाचा ट्रे खाली ठेवत म्हणाल्या, "का नकोत? पोरगी अजून कर्ज फेडतेय." पुतणी बँकेचं कर्ज काढून शिकली. आता हुबळीला एका दवाखान्यात आहे. हे सगळं मला नवीन होतं.

महिना अडीच हजार ठरले, एक वर्ष, थेट पुतणीच्या खात्यात. मनात एक हिशेबी प्रश्न आला, तोही सांगून टाकतो: हे पैसे दशमांशातून वळते करता येतील का? पाळकसाहेबांना विचारलं तर ते मोठ्यानं हसले. मग पाकीट आहे तसंच ठेवलं आणि हप्ता दुसऱ्या खणात.

गुरुवारी बोललो, पण अर्धा तास नाही, दहाच मिनिटं. पदमनजी आणि टिळक वगळले.

दादा पूर्वीसारखा झाला असं मी म्हणणार नाही. तो अजून कन्नड उपासनेलाच जातो. म्हणतो, आता सवय झाली. मागच्या महिन्यात पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. त्याचं आमंत्रण जे पश्चात्ताप करून शेजाऱ्याशी प्रीतीनं राहतात त्यांना असतं, हे दर महिन्याला आमच्या कानांवर पडतं. आमची उपासना संपल्यावर मी थाळी जागेवर ठेवली, घरी न जाता थांबलो आणि कन्नड उपासनेत त्याच्या शेजारी जाऊन बसलो. उपदेश निम्मा कळला. एका गीताची चाल आमचीच निघाली, तेव्हा दोघंही मराठीत म्हणालो, हळू आवाजात.

बाहेर पडताना पाटीपाशी थांबून मी विचारलं, "काढायला सांगू का ही?"

"असू दे की," तो म्हणाला. "बाबांचं नाव आहे."