पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील सांघिक उपचार : देवळी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग हा प्रामुख्याने उतारवयातील पुरुषांचा आजार होय. ग्रामीण भागात लघवीचा त्रास वयोमानाचा आणि कंबरदुखी शेतकामाची समजून अंगावर काढली जाते. परंतु हाडांत पसरलेल्या या कर्करोगाचे पहिले लक्षण कंबरदुखी हेच असू शकते. वर्धा–यवतमाळ मार्गावरील देवळी या तालुक्याच्या ठिकाणाच्या संदर्भात सांघिक उपचारांचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संघाची आवश्यकता :
पीएसए ही रक्तचाचणी केवळ शंका दर्शविते. ग्रंथीच्या साध्या वाढीतही तिचे प्रमाण वाढते. निश्चित निदान विकृतिशास्त्रज्ञ ऊतींच्या तपासणीवरून करतात. त्यानंतर मूत्ररोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ व कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते. मंद वाढीच्या रोगात काही रुग्णांना केवळ नियमित निरीक्षणही पुरेसे असते.

मर्यादित साधने आणि निर्णय :
किरणोपचार पूर्वी सात-आठ आठवडे चालत. ब्रिटनमधील चाचणीच्या २०१६ मधील निष्कर्षांनंतर चार आठवड्यांत २० मात्रांची पद्धत रूढ झाली. त्यामुळे रोजचा प्रवास व बुडणारी मजुरी निम्म्यावर येते. पसरलेल्या रोगात वृषण काढण्याची शस्त्रक्रिया हा संप्रेरक-इंजेक्शनांना अल्पखर्चिक पर्याय आहे. तिचा उपयोग चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिला. मात्र ती अपरिवर्तनीय असल्याने रुग्ण व त्याची पत्नी यांचे समुपदेशन अनिवार्य आहे. केवळ खर्चावरून निर्णय लादणे अनुचित होय.

स्थानिक दुवे :
वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम (१९६९) व सावंगी (१९९०) येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राबविली जाते. म्हणजेच तज्ज्ञ व आर्थिक साहाय्य यांचा पूर्ण अभाव नाही; प्रश्न पाठपुराव्याचा आहे. आशा कार्यकर्तीजवळ वृद्ध पुरुष लघवीच्या तक्रारी सांगण्यास संकोचतो. म्हणून पुरुष आरोग्यसेवक हा या संघाचा महत्त्वाचा घटक ठरावा. ज्ञात रुग्णाच्या पायांतील शक्ती कमी झाल्यास मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते. अशा रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठविणे आवश्यक आहे. विलंबाने कायमचे अपंगत्व येऊ शकते.

समारोप :
संघातील सर्व सदस्य एकाच रुग्णालयात असणे अपरिहार्य नाही. रुग्णाची एकच नोंदवही, पुढील तपासणीची निश्चित तारीख आणि गावातील एक जबाबदार व्यक्ती एवढ्या व्यवस्थेतूनही तज्ज्ञांचा निर्णय देवळीच्या रुग्णापर्यंत पोहोचू शकतो.