परिच्छेद तीन

सुसाई हा मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला-बूट शिवणारा माणूस. जातीने आदि-द्रविड, धर्माने ख्रिस्ती. १९८२ मध्ये रस्त्यावर बसणाऱ्या चर्मकारांना फुकट टपऱ्या देण्याची सरकारी योजना आली. काम तेच, जातही तीच असलेल्या हिंदू कारागिरांना टपरी मिळाली, सुसाईला मिळाली नाही. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये हरला.

त्याला आडवा आला तो राष्ट्रपतींच्या १० ऑगस्ट १९५० च्या आदेशातला तिसरा परिच्छेद. हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे तो मुळात सांगत होता. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली आणि १९९० मध्ये बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेरच आहेत. म्हणून १० ऑगस्ट हा दिवस देशभरातल्या चर्चमध्ये काळा दिवस म्हणून पाळतात. धरणे धरतात, मोर्चे काढतात, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदने देतात.

या लढ्याचा एक धागा नागपुरात आहे. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चना एकत्र आणणाऱ्या भारतीय राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे मुख्यालय याच शहरात आहे आणि कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या बरोबरीने ही मागणी लावून धरणाऱ्यांत ती आघाडीवर आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात ज्या शहरात लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ते हेच शहर. दीक्षा घेतलेल्यांनाही केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरता मार्ग आधीच काढला होता, कारण धर्म बदलल्याने गावकुसाबाहेरचे घर आत येत नाही, हे इथल्या राज्यकर्त्यांना डोळ्यांनी दिसत होते. हेच कारण ख्रिस्ती दलितांना लागू का नाही, याचे सरळ उत्तर मला आजवर कुणाकडून मिळालेले नाही. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या काळात जी महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांची वस्तीही गावाने हलवली नव्हती.

सुसाईच्या खटल्यात न्यायालयाने जे मागितले, त्याने चर्चची खरी अडचण उघडी पडली. धर्मांतरानंतरही जात उरते, एवढे दाखवणे पुरेसे नाही. त्या जातीमुळे होणारी कुचंबणा नव्या धर्मातही तेवढ्याच तीव्रतेने होते याचा पुरावा द्या, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आता हा पुरावा देणार कोण? ज्या संस्थेने दीडशे वर्षे 'ख्रिस्तात सगळे समान' असे शिकवले, तिनेच उभे राहून सांगायचे, की आमच्या घरातही शिवाशिव आहे. विरोधक तर हेच म्हणत होते: ख्रिस्ती धर्मात जात नाही ना, मग सवलत कशाला?

जात होती, आणि ती लपवण्यासारखी राहिलेली नव्हती. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागातल्या कॅथलिक दफनभूमीत मधोमध भिंत आहे. एका बाजूला दलितांच्या कबरी, दुसऱ्या बाजूला इतरांच्या. तमिळनाडूतल्याच एरैयूर गावी मार्च २००८ मध्ये दलित आणि वन्नियार ख्रिस्ती एकमेकांवर उठले. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले. दोन्ही बाजू एकाच धर्मग्रामाच्या होत्या. डॉ. आंबेडकरांनी कितीतरी आधी धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना ख्रिस्ती समाजातल्या जातीवर बोट ठेवले होते. ते लेखन चर्चच्या मंडळींनी वेळीच मनावर घेतले असते, तर दिल्लीतल्या कैक बैठका वाचल्या असत्या.

दिल्लीत काय झाले ते थोडक्यात सांगतो. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका पडून आहे. त्याच वर्षी नेमलेल्या न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा, अशी शिफारस केली; आयोगाच्या सदस्य-सचिव आशा दास यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या सांगण्यावरून समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी २००८ मध्ये उपलब्ध आकडेवारी तपासून अहवाल दिला आणि दर्जा नाकारण्याला त्यांना पटण्याजोगा आधार सापडला नाही. पुढे २०२२ मध्ये केंद्राने मिश्र अहवाल आपल्याला मान्य नसल्याचे न्यायालयाला कळवले आणि माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. त्याची मुदतही वाढत गेली.

विरोध करणाऱ्यांत हिंदू आणि बौद्ध दलित कार्यकर्तेही आहेत. त्यांची भीती खरी आहे. केंद्रातला पंधरा टक्क्यांचा वाटा तोच राहिला आणि खाणारी तोंडे वाढली, तर आधीच अपुरे असलेले आणखी अपुरे होईल. वाटा वाढवण्याची मागणी सोबत न करता नुसते 'आम्हालाही घ्या' म्हणणाऱ्या निवेदनाला या लोकांकडून पाठिंबा मिळणार नाही.

मात्र प्रश्न नोकऱ्यांपुरताच नाही. अनुसूचित जातीचा दाखला नसलेल्या ख्रिस्ती दलिताला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कवच मिळत नाही. मारणारा जात विचारून मारतो आणि पोलीस ठाण्यात धर्म विचारला जातो. म्हणूनच कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' राहते आणि रविवारची उपासना चुकत नाही. यात खोटेपणा पाहणाऱ्यांनी आधी त्या घरातल्या मुलाची फी कोण भरणार, ते सांगावे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. पी. मनू यांच्या खटल्यात म्हटले, की आजोबांच्या पिढीत ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातला माणूस हिंदू धर्मात परतला आणि जातीने त्याला स्वीकारले, तर त्याला जुना दर्जा मिळू शकतो. पिढ्या उलटूनही जात संपत नाही, हे कायद्याने इथे मान्य केलेच आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते, हे लेखी कबूल केले. मला हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत मोठा टप्पा वाटतो, कोणत्याही मोर्चापेक्षा मोठा. सुसाईकडे जो पुरावा नव्हता, तो चर्चने स्वतःच्या सहीने दिला. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. दलित समाजातले ते पहिले कार्डिनल.

पुढचे काम चर्चच्या स्वतःच्या हातात आहे. राज्यघटनेच्या कलम १५(५) मुळे अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांवर आरक्षणाची सक्ती नाही. या शाळा-महाविद्यालयांत दलित ख्रिस्ती मुलांसाठी जागा राखायला संसदेची परवानगी लागत नाही, आयोगाचा अहवाल लागत नाही. काही ठिकाणी अशा जागा ठेवल्याही जातात. प्रत्येक धर्मप्रांताने दर जूनमध्ये आपल्या शाळांत किती दलित मुलांना प्रवेश दिला आणि किती दलित शिक्षक नेमले, हे आकडे छापून जाहीर करावेत आणि १० ऑगस्टच्या निवेदनाला तोच कागद जोडावा.