शेवटच्या कोंबडीचा दोष काय?

मागे ऐकू येतंय ना सगळ्यांना? ठीक, सुरू करू या.

तुमच्यापैकी ज्यांच्या परसात पाच-दहा गावठी कोंबड्या आहेत, किंवा लहानपणी आजोळी होत्या, त्यांनी एक दृश्य हमखास पाहिलं असेल. सकाळी खुराडं उघडलं, मूठभर कण्या टाकल्या, सगळ्या धावत आल्या. एकच कोंबडी कडेला उभी राहते. पुढे यायला बघते, कुणीतरी डोक्यावर टोच मारतं, की ही परत मागे. पाठीवरची पिसं विस्कटलेली, अंडी कमी. मग घरात चर्चा होते, की ही कमजोर आहे, हिचा काही उपयोग नाही, येत्या रविवारी हिलाच बघू. (हशा)

आज मला या शेवटच्या कोंबडीची बाजू मांडायची आहे. त्यासाठी आधी तिला शेवटचा नंबर कसा मिळाला, ते बघायला हवं.

कोंबड्यांमधला हा क्रम पहिल्यांदा नीट टिपला तो नॉर्वेच्या थोर्लैफ शेल्डरुप-एब्बे यांनी. त्यांना लहानपणापासून कोंबड्या बघायचा नाद होता. कोण कोणाला टोचतं, याच्या ते नोंदी ठेवत. पुढे १९२२ मध्ये त्यांनी हे काम जर्मन भाषेत प्रसिद्ध केलं. इंग्रजीत आज ऑफिसांपासून राजकारणापर्यंत सगळीकडे वापरला जाणारा ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्द मुळात तिथला. आपण त्याला टोचणीचा क्रम म्हणू.

समजा, तुमच्याकडे चार कोंबड्या आहेत. नावं आपण रंगावरूनच ठेवतो : काळी, तांबडी, कवडी आणि पांढरी. काळी तिघींना टोचते, तिला कुणीच टोचत नाही. तांबडी दोघींना टोचते, कवडी फक्त पांढरीला, आणि पांढरी कुणालाच नाही. ही झाली सरळ उतरंड. पण शेल्डरुप-एब्बेंना काही ठिकाणी त्रिकोणही दिसले. म्हणजे पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीलाच! आता बघा, क्रम जर नुसत्या ताकदीवर ठरत असता, तर असा त्रिकोण झालाच नसता. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

पण आधी हे सांगा, हा क्रम हवाच कशाला? ऐकायला उलटं वाटेल, पण त्याचा मोठा उपयोग भांडणं टाळायला होतो. तलंगा वयात येताना आपसात चांगल्या झुंजतात. मान ताठ करून समोरासमोर उभ्या राहतात, उड्या मारतात. पण एकदा दोघींमधला निकाल लागला, की तो दोघींच्याही लक्षात राहतो. पुढच्या वेळी काळीने नुसती मान वर केली, की पांढरी बाजूला सरकते. रक्त न सांडता दाणे खाऊन होतात. याचा अर्थ हा सगळा कारभार ओळखीवर चालतो. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून, तुऱ्यावरून ओळखतात. दोन-तीन आठवडे एखादीला दूर ठेवलं, तर ती परत आल्यावर बऱ्याचदा परकी ठरते आणि झुंज पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आता स्वभावाकडे येऊ. कोंबड्यांना स्वभाव असतो का? असतो. एखादी धीट असते, नवी बादली दिसली की पहिली जाऊन चोच मारून बघते. एखादी बुजरी असते. एखादी सारखी खुडूक बसते. पण आपण स्वभाव आणि नंबर यांची गल्लत करतो. धीट म्हणजे वरची आणि बुजरी म्हणजे खालची, असं काही समीकरण नाही. आणि एकच कोंबडी प्रसंग बदलला की बदलते. एरवी सगळ्यांना वाट देणारी कवडी पिल्लं घेऊन बाहेर पडली, की कुत्र्याच्याही अंगावर धावून जाते. ते बळ तिच्यात आधीपासून होतंच ना?

मग नंबर ठरतो कसा? अमेरिकेतले अभ्यासक इव्हान चेस यांनी तीन-तीन कोंबड्या एकत्र सोडून त्यांचं निरीक्षण केलं. १९८० मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांना दिसलं ते असं : दोघींची झुंज झाली, की जिंकलेली बहुतेक वेळा लगेच तिसरीकडे वळते आणि तिलाही नमवते. किंवा नुसती बघत उभी असलेली तिसरी येऊन हरलेलीलाच टोचते. दोन्हींमध्ये परिणाम एकच. त्रिकोण होत नाही, सरळ उतरंड तयार होते. जिंकलेलीला जोर चढतो, हरलेली दबते, आणि बघणारी त्यावरून अंदाज बांधते. म्हणजे पहिली गाठ कुणाशी पडली, याला बरंच महत्त्व आलं.

चेस आणि सहकाऱ्यांनी पुढे माशांवर एक प्रयोग केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. माशांचा गट एकत्र सोडला, क्रम लागला. मग त्यांना वेगवेगळं ठेवलं आणि दोन आठवड्यांनी तेच मासे पुन्हा एकत्र आणले. बहुतेक गटांमध्ये आधीचा क्रम जसाच्या तसा लागला नाही! मासे तेच, पण नंबर वेगळे. तेव्हा माझं म्हणणं असं आहे, की स्वभाव कोंबडीचा असतो, पण नंबर कळपाचा असतो. अंगबळाचा काही वाटा असतोच, पण बाकीचा वाटा योगायोगाचा आणि जागेचा.

कोंबड्यांचंही तेच. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की पहाटे सगळ्यात आधी आरवतो तो गटातला वरच्या नंबरचा कोंबडा. बाकीचे त्याच्यामागून, आपापल्या क्रमाने. वरच्याला बाहेर काढलं, तर दुसरा पहिल्यांदा आरवतो. त्याच्या गळ्यात आवाज होताच, पाळी नव्हती. आपली म्हण आहे ना, कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही. तर झाकलेल्याच्या जागी दुसरं आरवतंही! (हशा)

आता आपल्या पांढरीकडे येऊ. रविवारी तिला कापली, तर काय होईल? शेवटची जागा रिकामी राहणार नाही. सोमवारी कवडी शेवटची असेल. दाणे एकाच जागी पडत असतील, खुराडं अपुरं असेल, तर तिचीही पिसं जातील. दोष जागेचा होता, शिक्षा पांढरीला झाली.

याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे विल्यम म्यूर यांनी एकाच पिंजऱ्यात अनेक कोंबड्या ठेवल्या, आणि पुढच्या पिढीसाठी एकेकटी जास्त अंडी घालणारी कोंबडी निवडण्याऐवजी सबंध पिंजऱ्याचं उत्पन्न बघून निवड केली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष सांगतात, की मोजक्या पिढ्यांत वर्षभरातली मरतुक ६८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आली आणि कोंबडीमागची वर्षाची अंडी ९१ वरून २३७ वर गेली. सोबतिणींना जगू देणाऱ्या कोंबड्यांनीच मालकाला जास्त अंडी दिली.

तुम्हाला पिढ्या मोजायची गरज नाही. दाणे दोन-तीन ठिकाणी टाका, एका जागेवरून दुसरी दिसणार नाही असे. पाण्याची भांडीही दोन ठेवा. बसायला दांडी पुरेशी लांब हवी. मग पांढरीला पोटभर मिळतं की नाही, ते महिनाभर बघा, आणि नंतरच तिचा निकाल लावा.

प्रश्न : मी बाजारातून एक नवी कोंबडी आणली, तर जुन्यांनी तिला रक्तबंबाळ केलं. काय करायला हवं होतं?

उत्तर : शक्यतो एकटी आणू नये, दोन-तीन आणाव्यात, म्हणजे सगळा मार एकीवर येत नाही. आठ-पंधरा दिवस मध्ये जाळी ठेवा. एकमेकींना दिसू देत, पण चोच पोहोचू नये. मग मोकळ्या जागेत सोडा. थोडी टोचाटोची होईल, तिच्यात पडू नका. पण रक्त दिसलं तर मात्र लगेच बाजूला काढा, कारण लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात. काढाल तेव्हा घरामागे नेऊन डालग्याखाली डालू नका, जाळीपलीकडे कळपाच्या नजरेसमोरच ठेवा. ओळख टिकली, तर परत येताना तिला पहिल्यापासून झुंजावं लागणार नाही.

वेळ संपली आहे.